दुधाळ नदीच्या अलीकडे

कॉपर रिज, ब्रिटिश कोलंबिया
२ डिसेंबर

ऐल्सा,

आईच्या पार्सलमधले लोकरीचे मोजे मिळाले. केकही मिळाला. कस्टमवाल्यांनी तो उघडून पाहिला होता, पण खाल्ला नव्हता. डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली तुझी चिठ्ठीसुद्धा मिळाली. "मोठी वाट चालणार आहेस असं ऐकलं. मी येऊ?" सव्वा वर्षानंतर एका ओळीची चिठ्ठी, तीही केकच्या आडून.

तू केलेले फोन मी घेतले नाहीत आणि घेणारही नाही. फोनवर तू मला हसवतेस आणि मुद्दा राहून जातो. पत्रात तुला मध्येच बोलता येणार नाही, म्हणून पत्र.

आधी माहिती. आईने तुला अर्धवट सांगितली असणार. हा माझा इथला दुसरा हिवाळा. डोंगरावर खुर्च्यांचे चार रोपवे आहेत, त्यांच्या मेकॅनिकांपैकी मी एक. घरी असताना गिरणीतल्या मशिनरीवर जे काम करत होते तेच इथे करते, फक्त उंचावर आणि जाड हातमोजे घालून. राहते एका तळघरात. सोबत ग्रॉन्या नावाची आयरिश मुलगी आहे. ती स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात असते आणि झोपेतही बोलते. एप्रिलमध्ये हंगाम संपेल, मग जूनपर्यंत यंत्रांची दुरुस्ती, आणि त्यानंतर मी पाठीवर तंबू घेऊन पर्वताच्या कण्यावरून उत्तरेकडे चालत जाणार. एकटीच जायचं ठरवलं होतं.

तू येऊ शकतेस. एका अटीवर.

बाबांनी आपल्याला नदी ओलांडायला शिकवलं तेव्हा पोहण्याच्या आधी एक नियम शिकवला. काठावर सगळ्यांना रांगेत उभं करायचे आणि विचारायचे, सर्वांत लहान असेल त्याला आधी, म्हणजे मोठ्यांचं ऐकून त्याचं मत बदलायला नको. एकानेही "नाही" म्हटलं की तंबू तिथेच, अलीकडच्या काठावर. कारण विचारायचं नाही. तोंड पाडायचं नाही. चहा करायचा आणि पाणी उतरायची वाट बघायची. आठवतं ना, काका एकदा मी सात वर्षांची असताना माझ्या "नाही"मुळे दोन दिवस चिखलात बसले होते, आणि मला पत्ते खेळायला शिकवत होते.

तू वाहून गेलीस त्या दिवशी नदीकाठी आपण दोघीच होतो. लहान मी. मी "नाही" म्हणाले. तू म्हणालीस, "मेरन, गुडघाभर तर आहे," आणि उतरलीस.

पुढचं तुला माहीत आहे. पण बाबांच्या साठीला तू हॉलमध्ये ते ज्या तऱ्हेने सांगितलंस, तसं ते नव्हतं. तुझ्या हातात सँडविच होतं, लोक डोळे पुसत हसत होते, हेलिकॉप्टरच्या पायलटने तुझा नंबर मागितला तिथे तर टाळ्या पडल्या. तुझ्या गोष्टीत मी काठावर उभी राहून किंचाळणारी धाकटी बहीण होते. मी किंचाळले नाही, ऐल्सा. मी मदत मागवणाऱ्या बीकनचं बटण दाबलं. तुझी पाठपिशवी मधल्या धारेत गोल फिरत गेली ती पाहिली. तिच्या पट्ट्यात तू अडकलेली आहेस की नाहीस, हे मला उजाडेपर्यंत कळलं नाही. नदीत उतरलीस ते मी एकवेळ सोडून दिलं असतं. सँडविच सोडता येत नाही.

तर अट ही. या वाटेवर एक "नाही" पुरे. कुणाचंही असो, कारण विचारायचं नाही. मान्य असेल तर कळव, मी तारखा पाठवते.

मेरन

*

९ जानेवारी

ऐल्सा,

"मान्य" एवढंच लिहिलं असतंस तरी चाललं असतं. त्याखाली "साठीबद्दल मलाही बोलायचंय, पण मला लिहिता येत नाही, मला बोलताच येतं" असं लिहिलंस. ठीक. ते बाजूला ठेवू. मी तुझं "मान्य" मान्य केलं आहे.

इथे या आठवड्यात उणे एकतीस आहे. बाहेर पडलं की नाकातले केस कडक होतात आणि पापण्या एकमेकींना चिकटतात. ग्रीस साबणासारखं घट्ट होतं. रोपवे सकाळी अर्धा तास हळू, रिकामा फिरवून गरम करावा लागतो, एखाद्या म्हाताऱ्याला उठवावं तसा. मला हे आवडतं. थंडीत यंत्र खोटं बोलत नाही. जो बोल्ट सैल आहे तो आवाज करतोच.

तारखांची अडचण आहे. तुझ्याकडे तेव्हा हिवाळा, गाई आटल्या की तू चालवतेस ते दुधाचे टँकर उभे राहतात, म्हणजे तुला रजा जूनच्या शेवटापासून जुलै संपेपर्यंत. इथे शहाणी माणसं त्या वाटेवर जुलैच्या मध्यानंतर जातात, कारण तोपर्यंत बर्फ वितळत असतो आणि नद्या फुगलेल्या असतात. तुझ्या रजेसाठी लवकर निघावं लागेल. मी हिशोब करून पाहिला आहे, जमेल. बहुतेक ठिकाणी पूल आहेत. एकच नदी चालत ओलांडावी लागते. नकाशावर तिचं नाव वेगळं आहे, पण हिमनदीने दळलेल्या खडकाचं पीठ मिसळून पाणी पांढरं दिसतं, म्हणून इथे सगळे तिला दुधाळ म्हणतात. तुला आवडेल.

जेवणाची तयारी सुरू केली आहे. खिमा, वाटाणे, भात, सगळं शिजवून ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवते. नकाशे जमिनीवर जोडून पसरले आहेत. ग्रॉन्याची तक्रार आहे.

"बाई गं, जमिनीवर नकाशे, खुर्चीवर खिमा. मी झोपू कुठे, अलास्कात?"

"अलास्काचा कोपरा दुमडलाय. तिथे झोप."

"तुझी बहीण आली की तुमच्या दोघींपैकी कोण जिवंत परत येणार यावर दुकानात बिअरची पैज लागलीये."

"माझ्या बाजूने किती जण आहेत?"

"कुणीच नाही. तुला ओळखतात ना ते. तिला ओळखत नाहीत, म्हणून सगळे तिच्या बाजूने."

तिला सांगितलं की तुला ओळखत असते तरी त्यांनी तुझ्याच बाजूने लावली असती. सगळे लावतात.

सोबत वाटेचा नकाशा, टप्प्याटप्प्याने. बूट आत्ताच घे आणि टँकर चालवतानाही घालत जा. नवे बूट घेऊन आलीस तर मी विमानतळावरूनच परत पाठवेन.

मेरन

*

१४ फेब्रुवारी

ऐल्सा,

तुझं पत्र काल मिळालं. बूट घेतलेस, तंबूचे खिळे मी आणायचे, पावाला लावायचं मार्माइट तू आणायचं, हे सगळं ठीक.

दुधाळ नदीबद्दल तू लिहिलंस: "तेवढी नाही. बाकी कुठेही ये म्हण, येते. वर्षभर दूध वाहते, सुट्टीत त्यातून चालणार नाही." विनोद कळला. "नाही"सुद्धा कळलं. पण तू ते स्वयंपाकघरात बसून म्हणते आहेस, काठावर उभी राहून नाही, म्हणून आधी माहिती पूर्ण असावी.

नदीच्या पाण्याची नोंद सरकार दर तासाला घेतं. मी गेल्या दहा वर्षांचे आकडे उतरवून आलेख काढला आहे. सोबत जोडला आहे. हिमनदीवर ऊन पडतं ते पाणी संध्याकाळी खाली येतं. पहाटे, उजाडता उजाडता, ते सर्वांत कमी असतं. आपण आदल्या दुपारी काठावर पोहोचायचं, झोपायचं, पहाटे उतरायचं. पात्र तिथे रुंद आहे आणि पाच धारांत फुटलेलं आहे. सर्वांत खोल धार मांडीपर्यंतच तर आहे. आपण पोहोचू त्याच आठवड्यात गेल्या वर्षी चार गट पार गेले, त्यातल्या दोघांशी मी बोलले आहे.

पर्याय काय आहे तेही लिहिते. नदी टाळायची तर वाट सोडून दरीत उतरावं लागतं आणि महामार्गाच्या कडेने तीन दिवस चालावं लागतं, ट्रकच्या धुरात. दुधाळच्या पलीकडे जे खोरं आहे, ज्याच्यासाठी मी दोन हिवाळे ही वाट नकाशावर बघते आहे, ते पूर्ण सुटतं. त्या खोऱ्यात दिवसभर चालूनही माणूस दिसत नाही. तिथला फोटो मी पलंगाच्या वर लावला आहे.

मी दोन मोसम आकड्यांच्या भरवशावर माणसं हवेत टांगते आहे. आजवर एकही पडलेलं नाही. हे आकडे चांगले आहेत.

तू कारण दिलेलं नाहीस. दे. जे कारण असेल त्याचं मी उत्तर देते. विचार कर आणि कळव.

मेरन

*

४ मार्च

ऐल्सा,

चौदा तारखेचं जाड पत्र तुला आता मिळालं असेल किंवा मिळेल. टपालातून ते परत काढता येत नाही, मी पोस्टात जाऊन विचारलं.

रविवारी काय झालं ते सांगते. आधी आमची एक पद्धत समजून घे. रोपवेवर काम करायचं असेल तर मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं. चौघे कामावर असतील तर चार कुलुपं. प्रत्येकावर नाव, आणि चावी ज्याच्या त्याच्या खिशात. काम संपलं की ज्याचं त्याने काढायचं. एकही कुलूप लटकत असेल तोवर रोपवे फिरत नाही, कारण ते कुलूप म्हणजे वर खांबावर कुणीतरी आहे. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावत नाही. आमच्याकडे हेच पहिल्या दिवशी शिकवतात.

शनिवारी अंधार पडायच्या आत आम्ही मोठ्या रोपवेचं काम संपवलं. वरच्या खांबावरची चाकं बदलली होती. बोटं लाकूड झाली होती. तिघांनी कुलुपं काढली. मी हत्यारं मोजून पिशवीत भरली, पिशवी गाडीत ठेवली, घरी आले, झोपले. रविवारी मला सुट्टी होती. फोन थंडीने मेला होता, तो मी चार्जिंगला लावलाच नाही.

शाळांच्या सुट्टीचा पहिला रविवार. रात्रभर बर्फ पडून आभाळ निळंशार झालेलं. सगळं गाव आणि शेजारची दोन गावं रोपवेखाली रांगेत. आणि मेन स्विचवर एक कुलूप, माझ्या नावाचं.

पुढचं मला नंतर तिघांकडून कळलं, तिघांनी सारखंच सांगितलं, म्हणून खरं धरते. व्हर्न आमचा मुख्य मेकॅनिक आहे, साठीचा, दिवसाला दहाएक वाक्यं बोलतो. मॅनेजर धावत आला.

"तिला सुट्टी आहे आज. विसरली असेल. काप ते."

"असेल," व्हर्न म्हणाला.

"अरे व्हर्न, खाली हजार माणसं उभी आहेत. वर कुणी नाही हे तुलाही माहीत आहे."

"मला माहीत नाही. मला वाटतंय. वाटतंय त्यावर मी चाक फिरवत नाही."

त्याने बर्फावरच्या गस्तीच्या लोकांना प्रत्येक खांबापाशी पाठवलं. ते खांबाखालच्या बर्फात काठ्या खुपसून बघून आले, मी पडून गाडली गेले आहे की काय म्हणून. मग तो स्वतः माझ्या घरी आला. कापायची परवानगी त्याला होती, मला शोधून खात्री केल्यानंतर. शोधायला तो आला होता.

मी दार उघडलं ते आईच्या मोज्यांत आणि आतल्या लांब चड्डीत. व्हर्नने मला खालून वर एकदा पाहिलं आणि भिंतीला हात टेकला. मला वाटलं तो चिडला आहे.

"आहेस," तो म्हणाला.

"काय झालं?"

"कुलूप."

चावी जॅकेटच्या खिशात होती. मी ती पुढे केली. त्याने घेतली नाही.

"तुझं आहे. तू काढायचं. पँट घाल."

मागून ग्रॉन्या म्हणाली, "पँट नको घालूस, बाई. तसंही आज सगळं गाव तुझ्यावर चिडलंय, निदान बघायला तरी काही मिळू दे त्यांना."

मी कुलूप काढलं तेव्हा रांगेतून हुर्यो झाली, मग टाळ्या. मॅनेजर मला लेखी ताकीद देणार आहे, देऊ दे, चूक माझीच आहे. आमच्यात कुलूप विसरणाऱ्याने सगळ्यांना आठवडाभर डोनट खिलवायचे असतात, तेही सुरू आहे. व्हर्न रोज दोन खातो.

मला जे सांगायचं आहे ते हे नाही. परवा मी त्याला विचारलं, "मनातून तुला माहीत होतं ना, की वर कुणी नाही?"

"बऱ्यापैकी."

"मग?"

"मग काय? कुलूप होतं."

माझ्या कुलपाला त्या दिवशी काहीही कारण नव्हतं. रिकाम्या खांबांसाठी ते लटकत होतं. तरी एक माणूस हजार लोकांच्या शिव्या खात उभा राहिला, आणि कारण काय असेल याचा अंदाज बांधून त्याने ते कापलं नाही. मी मात्र तुझ्या "नाही"ला आलेख जोडून पाठवला. कारण दे, मी उत्तर देते, असं लिहिलं. काल मी त्या पत्राची माझ्याकडची प्रत वाचली. त्यात एक वाक्य आहे, "मांडीपर्यंतच तर आहे." हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि लिहिताना मला त्यात तुझा आवाज ऐकू आला नाही.

दुधाळ नदी वाटेतून काढली आहे. आपण महामार्गाने जाऊ. नवा नकाशा सोबत आहे. खोऱ्याचा फोटो पलंगावरून काढलेला नाही, तेवढं नाटक मला जमणार नाही. पण खोऱ्यात आपण जाणार नाही.

तू अजून येणार आहेस की नाहीस, हे तू कळवशील तेव्हा कळेल. जाड पत्रानंतर नाही आलीस तर मला समजेल.

मेरन

*

६ एप्रिल

ऐल्सा,

डोंगर काल बंद झाला. शेवटच्या दिवशी लोक विचित्र कपडे घालून घसरतात, ही इथली रीत आहे. ग्रॉन्या नवरीचा पोशाख घालून आली आणि चिखलात बसली. व्हर्नने टाय लावला होता, कामाच्या डगल्यावर.

तुझं पत्र त्याच दुपारी आलं. मी ते रोपवेच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. "तुझी दोन्ही पत्रं पोस्टमनने एकाच दिवशी दिली. मी हावरटासारखं जाड आधी उघडलं. ते वाचून रजेचा अर्ज फाडला. बारीक वाचून चिकटपट्टी शोधली. चिकटवलेला अर्ज साहेबाने घेतला, पण माझ्याकडे दुधात पाणी सापडल्यासारखं बघितलं." मी हसले. व्हर्नने विचारलं काय झालं. मी सांगितलं, बहीण येते आहे. तो म्हणाला, "तिला कुलूप लागेल का?" हा त्याने या मोसमात केलेला पहिला विनोद, आणि तो त्याला स्वतःलाच इतका आवडला की दुपारभर तो शिटी वाजवत होता.

तर तू येते आहेस. विमान उतरतं ते शहर इथून बसने आठ तासांवर आहे. मी घ्यायला येईन. बस मध्ये एका गावी थांबते, तिथे मांस भरलेला पाव चांगला मिळतो, तुझ्या बरोबरीचा कुणी खाणारा त्यांनी पाहिलेला नसेल. पाठपिशवी चौदा किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. वजन करूनच निघ, अंदाजाने नाही. मार्माइट त्या वजनात धर. माझ्या पायांची काळजी करू नकोस, तुझ्या बुटांची मला आहे.

दुसरं. वाटेवर जिथे जिथे पाणी आडवं येईल, पूल असो, ओढा असो, तिथे आपण बाबांच्या पद्धतीने थांबू. लहान मी, तेव्हा आधी मला विचारायचं. मग तुला. दोघींची उत्तरं ऐकल्याशिवाय कुणी पाय ओला करायचा नाही. हे मी अट म्हणून लिहीत नाही. मला तसं चालायला बरं वाटेल.

तिसरं. तू लिहिलंस की दुधाळला का "नाही" म्हणालीस ते आता सांगतेस, आणि साठीला सगळ्यांना हसवलंस त्याचंही कारण तेच आहे. त्यापुढे तीन ओळी लिहून खोडल्यास. मी त्या उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केलेला नाही. कागद घडी करून ठेवला आहे.

पत्रात लिहू नकोस. माझ्या हातात कारण आलं की मी ते उघडून बघते, कुठला भाग सैल आहे, कुठला जास्त घट्ट केला आहे ते शोधते. माझं कामच ते आहे आणि मी त्यात चांगली आहे. तुझ्या कारणाला मला पाना लावायचा नाही. आणि तुला लिहिता येत नाही, बोलताच येतं, हे तू जानेवारीतच सांगितलं होतंस.

महामार्गाचा तो तुकडा मी गेल्या रविवारी व्हर्नच्या गाडीतून पाहून आले. एका बाजूला रेल्वेचं कुंपण, दुसऱ्या बाजूला लाकडं वाहणारे ट्रक. एक पेट्रोल पंप, एक बंद पडलेलं मोटेल, बाकी तीन दिवस बघण्यासारखं काहीही नाही. तिथे सांग. ट्रकचा आवाज फार असतो, तेव्हा मोठ्याने सांगावं लागेल.

मेरन